भिंतीकडची जागा

१

सकाळी दूध गॅसवर चढवलं की मी टेबल पुसायला घ्यायचे. आधी कोरडं फडकं, मग किंचित ओलं, मग पुन्हा कोरडं. जुन्या लाकडावर पाण्याचा थेंब राहिला की पॉलिशला पांढरा डाग पडतो, आणि असा एक डाग दिसला की माझा दिवस खराब जायचा. माझा नवरा हर्षवर्धन म्हणायचा, विनिता देवांपेक्षा टेबलाची पूजा जास्त मन लावून करते. खरंच होतं ते. देवांनी मात्र कधी तक्रार केली नाही.

टेबल शिसवाचं होतं, आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या फ्लॉसीबाईंकडचं. निर्मळला त्यांचं जुनं कौलारू घर पाडून त्यांचा भाऊ प्लासिड तिथं बंगला बांधत होता, आणि बंगल्यात सगळं नवं सामान येणार होतं. "दलाल नेईल आणि मुंबईत कुठल्यातरी हॉटेलात ठेवील. त्यापेक्षा तू ने. तू पुसशील तरी," बाई म्हणाल्या. मी मुलांना विज्ञान शिकवायचे आणि स्टाफरूमचं टेबल पुसल्याशिवाय डबा उघडत नव्हते, हे त्यांनी इतकी वर्षं पाहिलं होतं. टेम्पोतून ते टेबल विरारला चंदनसारच्या आमच्या बिल्डिंगमध्ये आलं. आधी जिन्यात अडकलं, मग दारात अडकलं, आणि शेवटी आत शिरलं तेव्हा हॉलमध्ये माणसांना जागा उरली नाही.

म्हणून ते भिंतीला लावावं लागलं. एका टोकाला हर्षवर्धन, स्वयंपाकघराकडच्या टोकाला मी, आणि लांब बाजूला, भिंतीकडे तोंड करून, आमची मुलगी उन्नती. चौथी बाजू भिंतीला चिकटलेली. तिथं कुणी बसायचा प्रश्नच नव्हता. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे याच एका गोष्टीवरून सगळ्यांनी मला वेड्यात काढलं.

उन्नतीने नुकतीच चौथीची परीक्षा दिली होती. तिची जागा म्हणजे माझ्या डोक्याला ताप होता. कंपासच्या टोकाने लाकडात पाडलेली भोकं, शाईचे ठिपके, वरणाचे ओघळ. लिहिताना उजवा हात ती इतका रेटायची की कोपराखालचं पॉलिश उडून लाकूड उघडं पडलं होतं. "अगं, हे तुझ्या पणजीच्या वयाचं टेबल आहे," असं मी ओरडले की ती म्हणायची, "मग पणजीलाच पुसायला सांग ना." फटका मारावासा वाटायचा आणि हसूही यायचं.

२

मे महिन्यात माझे दीर श्रीपत भावजी मुंबईला कामासाठी आले होते. जाताना ते उन्नतीला सुट्टीसाठी गुहागरला घेऊन जाणार होते. तिथं सासूबाई आणि माझ्या जाऊबाई मीरा वहिनी असतात. पोरं गावाला गेली की आमच्याकडच्या बायका माळे आवरतात, गाद्या उन्हात घालतात. मी टेबलाचं जुनं पॉलिश काढून नवं चढवायचं ठरवलं होतं. एवढ्याशा फ्लॅटमध्ये हे काम मूल घरात असताना होतच नाही. स्पिरिटचा वास भरतो, वाळेपर्यंत टेबलाला हात लावायचा नसतो, आणि मोठी माणसं काय, गॅलरीतसुद्धा ताट घेऊन बसतात.

उन्नती जिन्यातून हात हलवत खाली गेली. रिक्षा कोपऱ्यावरून वळली. मी आत येऊन पदर खोचला आणि स्पिरिटची बाटली उघडली.

"जरा थांब की," ऑफिसला निघता निघता हर्षवर्धन म्हणाला. "आई म्हणते, माणूस प्रवासाला बाहेर पडलं की लगेच झाडू-पुसू नये. मयत गेल्यावर पुसतात तसं."

"दुपारी लाइट जाते. पंख्याशिवाय या वासात तू काम करणारेस का?"

"मी आपलं आईचं सांगितलं," असं म्हणून तो गेला.

चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळतं. फडकं भिजवून ठेवायचं, पॉलिश मऊ पडलं की पुसून घ्यायचं, पुन्हा भिजवायचं. सगळ्यात घाण जागा आधी, हा माझा नियम. म्हणून मी उन्नतीच्या जागेपासून सुरुवात केली. फडकं तपकिरी, चिकट होऊन यायला लागलं. एक झालं, दुसरं घेतलं, मग हर्षवर्धनचा जुना बनियन फाडून घेतला. बाकीच्या टेबलावर नंतर जेवढं निघालं, त्याच्या किती पट तरी मळ त्या हातभर जागेतून निघाला. वासही वेगळा होता. स्पिरिटच्या खालून खोबरेल तेलाचा, घामाचा, पेन्सिलीच्या भुशाचा वास येत होता. शाळेतून आल्यावर तिच्या डोक्याला येतो, अगदी तसा. फडकं नाकाशी नेऊन मी क्षणभर हसलेसुद्धा. मग ते बाकीच्या फडक्यांबरोबर कचऱ्याच्या बादलीत टाकलं.

नंतर पॉलिश पेपर मारायला घेतला तेव्हा पहिल्यांदा थांबले. कंपासची भोकं गेली होती.

शाई जाते. डाग जातात. पण भोकं लाकडात असतात, पॉलिशमध्ये नसतात. ती घालवायची तर रंधा मारावा लागतो. मी त्या जागेवरून बोटं फिरवली. कड धारदार होती, सुताराने आत्ताच सोडल्यासारखी. तिथं कुणी कधी हात टेकलाच नव्हता.

मग मी स्वतःला समजावलं की भोकं वरवरची असतील, पॉलिशच्या जाड थरातच पडली असतील. वर्गात एखाद्या मुलाने असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं. पण त्या वेळी मला ते पटलं.

३

दुसऱ्या दिवशी भिंतीकडची कड घासायला म्हणून टेबल पुढे ओढलं.

तिथं कुणीतरी बसत होतं.

म्हणजे तेव्हा कुणी बसलेलं नव्हतं. पण जुन्या लाकडाची ज्याला सवय आहे त्याला कळतं. कड गोल झिजलेली होती. कोपर टेकून टेकून एक उथळ खळगा पडला होता, आणि तो डाव्या हाताचा होता. उजवीकडे काहीच नाही. खळगा कडेच्या अगदी जवळ होता, म्हणजे बसणाऱ्याचा हात लहान. लाकूड तिथं काळं, तुकतुकीत झालं होतं. स्पिरिटचं फडकं मी त्यावर फिरवलं, तर कोरडंच आल्यासारखं स्वच्छ आलं. पुन्हा भिजवून दाबून धरलं, तरी तेच.

फ्लॉसीबाईंच्या घरातलं कुणीतरी, दुसरं काय? टेबल जुनं, घरात मुलं असणारच. पण घरी आणलं त्या दिवशी मी ते चारी बाजूंनी पुसलं होतं. हा खळगा तेव्हा मला कसा दिसला नाही?

संध्याकाळी गुहागरला फोन लावला. आमच्याकडे टेलिफोन नुकताच आला होता, त्यामुळे बिलाच्या भीतीने सगळे घाईघाईने बोलायचे. मीरा वहिनींनी उचलला.

"मजेत आहे ग पोरगी. आंबे काय, करवंदं काय! फक्त आईंचं आणि तिचं रोज जेवताना वाजतं."

"का? त्रास देते का?"

"डाव्या हाताने जेवते म्हणून. मी म्हटलं आईंना, जन्माची डावखुरी आहे, आता राहू द्या की."

"वहिनी, उन्नती डावखुरी नाहीये."

"कमाल करतेस, विनिता," त्या हसल्या. "तूच नाही का मागच्या गणपतीत माझ्याशी भांडलीस, तिचा डावा हात बांधू नका म्हणून?"

मी कुणाशीच भांडले नव्हते. मागच्या गणपतीत आम्ही गावाला गेलो होतो, एवढं नक्की. मग मागून "आईचा फोन आहे?" असं ऐकू आलं आणि उन्नती फोनवर आली. तोच आवाज, तेच धापा टाकत बोलणं. शेजारच्या गाईला वासरू झालं हे तिने इतक्या उत्साहाने सांगितलं की माझा जीव भांड्यात पडला. पोरं सुट्टीत एकमेकांच्या नकला करतात. एखादी मैत्रीण डावखुरी असेल. फोन ठेवताना तिने विचारलं, "आई, टेबल झालं का पुसून सगळं?"

टेबलाचं काम काढणार हे मी तिला सांगितलं होतं की नाही, ते मला आठवेना.

४

"उन्नती कुठल्या बाजूला बसते?" रात्री जेवताना मी हर्षवर्धनला विचारलं. पॉलिशचा हात वाळायचा होता म्हणून आम्ही खाली चटईवर बसलो होतो.

"भिंतीकडे," तो भात कालवत म्हणाला.

"भिंतीकडे तोंड करून."

"भिंतीकडे पाठ करून. म्हणजे समोर टीव्ही दिसतो. विनिता, काय झालंय?"

"तिथं माणूस बसेल कसा? टेबल भिंतीला चिकटलेलं असतं."

"जेवताना ओढतोच की आपण पुढे." त्याने माझ्याकडे पाहिलं. वादाचा सूर नव्हता, त्याला खरोखरच काही कळत नव्हतं. तो खोटं बोलत असता तर मला बरं वाटलं असतं. तो उठला आणि टेबलाच्या पायांजवळची फरशी त्याने मला दाखवली. फरशीवर ओरखडे होते. टेबलाचे पाय रोज पुढे-मागे ओढल्याचे, वळणदार, मळ भरून काळे झालेले. त्या फरशीवरून रोज मी पोछा मारते.

मी अल्बम काढला. वाढदिवसाच्या फोटोत केकच्या सुरीवर आम्हा तिघांचे हात एकावर एक. तिचा कुठला हात खाली आहे ते दिसत नाही. समुद्रकिनाऱ्यावरच्या फोटोत तिने दोन्ही हातांत वाळू धरलेली. शाळेच्या गॅदरिंगच्या फोटोत ती परी झाली आहे, जादूची कांडी डाव्या हातात. पण शेजारच्या पऱ्यांच्या कांड्यासुद्धा डाव्या हातात होत्या. बाईंनी तशाच धरायला सांगितल्या असतील.

"तू स्पिरिटचा वास फार घेतलास," हर्षवर्धन म्हणाला. "उद्या काम बंद ठेव. आणि थायरॉइड एकदा तपासून घे."

मला राग आला आणि आधारही वाटला. थायरॉइड असेल तर किती बरं, असं मी अंथरुणात पडल्यावर मनापासून म्हटलं. पण डोळे मिटले की तिचा उजवा हात दिसायचा. पेन्सिल धरून मधल्या बोटावर घट्टा पडला होता तिच्या. त्या घट्ट्याला मी तूप चोळायचे. हे कुणी नुसतं मनाने रचेल का?

५

निर्मळला मी बसने गेले. फ्लॉसीबाई बंगला पूर्ण होईपर्यंत वाडीतल्या दोन खोल्यांत राहत होत्या. केळीच्या रांगांमधून पायवाट होती आणि पाट नुकताच सोडला होता, त्यामुळे चपला हातात घ्याव्या लागल्या. जुन्या घराचा नुसता चौथरा उरला होता. बाईंनी मला खुर्ची दिली, सरबत दिलं, माझ्या चेहऱ्याकडे बघून "आजारी आहेस का ग?" असंही विचारलं.

मी हसत हसत विषय काढला. तुमच्याकडे टेबलाला कोण कुठं बसायचं?

"आमच्याकडे ते हॉलच्या मधोमध होतं. आल्ताराच्या, म्हणजे देवाच्या, बाजूला पप्पा. या टोकाला मामा, मम्मीचा भाऊ. मग आम्ही पोरं." बाई बोटांवर मोजून दाखवायला लागल्या. "खिडकीच्या बाजूला मी आणि हिल्डा. समोर प्लासिड आणि..."

करंगळीवर अंगठा टेकवून त्या थांबल्या.

"आणि?"

"थांब हं. मी, हिल्डा, प्लासिड." त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा अंगठा करंगळीवर येऊन थांबला. त्या करंगळीकडे बघत राहिल्या. "आत्ता नाव तोंडावर होतं बघ." मग हसल्या. "वय झालं. तीनच होतो आम्ही. प्लासिडला विचार हवं तर."

"त्या जागेला डाव्या हाताचा खळगा आहे. लहान मुलाचा."

"आमच्यात कुणी डावखुरं नव्हतं," त्या चटकन म्हणाल्या. आणि त्यांचा डावा हात त्यांनी झग्याच्या घडीत लपवला, की नुसता मांडीवर ठेवला? मला सांगता येणार नाही. मग त्यांनी विचारलं, "तू त्याला स्पिरिट लावलंस? आम्ही नुसतं फडकं मारायचो. पॉलिश एकदाच केलं. मामाने केलं, तो फार स्वच्छतेचा होता. मला आठवतं, आम्ही सगळी पोरं तेव्हा वसईला चर्चच्या फेस्ताला गेलेलो, आणि घरी आलो तर मम्मी..."

"मम्मी काय?"

"मम्मी ताटं मांडत होती. एक जास्त मांडलं म्हणून मामा तिला ओरडला. ती ते ताट सोडेना." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी ते पुसलं आणि बोटं निरखून पाहिली. "बघ, मला रडायला का आलं ते मलाच कळत नाही. कसला तो जुना प्रसंग."

मी सरबत तसंच ठेवून उठले. स्टॉपवर बसची वाट बघत होते, तेव्हा शेजारच्या भाजीवाल्या बाईने न मागताच मला पाणी दिलं.

६

हर्षवर्धन गुहागरला जाऊन तिला घेऊन आला. मला जायचं होतं, पण "तुला विश्रांती हवी" म्हणून त्याने ऐकलं नाही.

दारात तिने मला मिठी मारली. उन्हाने काळवंडली होती, गुडघा फुटला होता, केसांत काटे अडकले होते. हनुवटीवरची पडल्याची खूण जागच्या जागी. वासराचं नाव काय ठेवलं, आजी कशी घोरते, एसटीत कोण ओकलं, सगळं एका दमात सांगून झालं. मी तिला आंघोळ घातली. पाठ घासताना मला हुंदका आला. म्हटलं, विनिता, हीच तुझी मुलगी. तू मूर्ख आहेस.

मग टॉवेलमध्ये तिचा उजवा हात घेऊन मी मधलं बोट पाहिलं. बोट मऊ होतं. घट्टा डाव्या हाताच्या बोटावर होता.

जेवायला हर्षवर्धनने टेबल पुढे ओढलं. ती काही न विचारता भिंतीच्या आणि टेबलाच्या मधल्या फटीत शिरली, तिथं खुर्ची ओढून बसली आणि डावं कोपर त्या खळग्यात ठेवलं. ते तिथं बरोबर बसलं. पान वाढलेलं होतं तरी ती जेवेना. हात जोडून, मान खाली घालून, कुणीतरी प्रार्थनेला सुरुवात करायची वाट बघत राहिली.

"जेव ना, बाळा," हर्षवर्धन म्हणाला.

ती दचकली. "हो," म्हणाली आणि डाव्या हाताने घास घेतला. त्याने मला डोळ्यांनीच खुणावलं, आजीची शिस्त.

पुढचे दिवस मी तिची परीक्षा घेत होते. बालवाडीतल्या बाईंचं नाव, मांजरीची पिल्लं कुठल्या खोक्यात झाली, ताप आला होता तेव्हा मी कुठली गोष्ट सांगितली. तिला सगळं येत होतं. मला जे पुसट आठवत होतं तेसुद्धा ती नीट सांगायची. लाघवी होती. भांडी विसळू लागायची, टेबल पुसायला सांगावं लागत नसे, स्वतःच फडकं घ्यायची आणि सावकाश गोल गोल हात फिरवायची. समोरच्या बाजूला, माझ्या उन्नतीच्या जागेवर, ती जरा जास्त वेळ पुसायची.

पणजीलाच सांग ना, असं ती एकदाही म्हणाली नाही.

हे मी कुणाला सांगणार होते? पोलिसांत जाऊन काय म्हणणार, माझी मुलगी हरवली आहे आणि ती घरात जेवते आहे? मला तिची भीती वाटायची, आणि झोपेत ती माझा पदर धरायची तेव्हा तिची दयाही यायची. कितीतरी वेळा वाटलं, सोडून द्यावं. हीच आपली म्हणावं. बाकी सगळ्यांनी म्हटलंच आहे.

७

शाळा सुरू व्हायच्या आधीचा रविवार. दुपारचे जेवायला बसलो होतो, लाइट गेलेली, खिडक्या उघड्या. माझ्या हातून वाढायचा डाव निसटला आणि टेबलाखाली समोरच्या बाजूला, जिथं आता कुणीच बसत नव्हतं, तिथं जाऊन पडला. मी खुर्ची सारून उकिडवी बसले आणि हात घातला.

टेबलाच्या खालच्या अंगाला कुणी पॉलिश करत नाही. मीही केलं नव्हतं. आत लाकूड भुरकट, खरखरीत, सुताराने जसं सोडलं तसंच. उठताना आधाराला म्हणून मी कडेखाली बोटं लावली आणि तर्जनी कशाला तरी चिकटली.

च्युइंगम होतं. मी घरात आणू द्यायचे नाही, म्हणून चोरून खाऊन तिथं लावलेलं. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने रडणार होते. ती होती. इथं बसत होती, भिंतीकडे तोंड करून, आणि माझ्या नजरेआड हे धंदे करत होती. एवढी एक जागा माझ्या फडक्यातून सुटली होती.

मग माझ्या लक्षात आलं की ते मऊ आहे. ओलं आहे. स्ट्रॉबेरीचा वास येत होता. ते आत्ताच तोंडातून काढून लावलेलं होतं.

"आई?"

भिंतीकडच्या जागेवरून ती उठली होती. टेबलाला वळसा घालून ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या डाव्या हातात ओलं फडकं होतं.

"खाली काही राहिलंय का? सरक, मी पुसते."

"नको."

"घाण आहे ना ती? तुला घाण आवडत नाही." ती वाकायला लागली.

मी तिचं मनगट पकडलं. पकडलं म्हणजे आवळलंच. तिच्या हातातलं फडकं पडलं आणि ती कळवळली. "आई, दुखतंय!" उन्नतीच्या आवाजात. झोपाळ्यावरून पडली होती तेव्हाचाच आवाज. हर्षवर्धन धावत आला. "विनिता, सोड तिला! वेड लागलंय का तुला? स्वतःच्या मुलीला..." तो माझी बोटं सोडवायला लागला. ती माझ्याकडे बघून रडत होती, आणि ते रडणं खोटं नव्हतं. तिची शीर माझ्या अंगठ्याखाली उडत होती. सोडलं असतं तर ती पुन्हा माझ्या कुशीत आली असती, आणि आम्ही तिघं उरलेलं जेवलो असतो.

मी मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हाताची तर्जनी मी कडेखाली तशीच दाबून धरली होती, तेवढी जागा झाकून. तेव्हा टेबलाखालून, जिथं मला बघता येत नव्हतं, तिथून कुणीतरी ते बोट मुठीत धरलं.

दोन्ही हात लहान होते, आणि दोन्ही सारखेच गरम होते.